हिरव्या घरापासून वीस वार

शेवटच्या खांबावरून ब्रश खाली आला आणि दोन्या एर्मिंदाचं घर हिरवं राहिलं नाही. कोवळ्या मक्यासारखं पिवळं झालं. भिंती पिवळ्या, ओसरीचा कठडा पिवळा, ओसरीवरच्या दोन डुलत्या खुर्च्यांपैकी एक पिवळी. दुसरी तिची स्वतःची, बसून बसून गुळगुळीत झालेली. तिला रंगाची गरज नव्हती.

पिवळ्या खुर्चीवर ‘रंग ओला आहे’ अशी पाटी तिनं लावली नाही. बसून कुणाची विजार खराब झालीच, तर ती धुऊन द्यायला तयार होती.

मग तिनं दोन पेले विसळले, मक्याचं गार पिनोल घुसळलं आणि वाट बघत बसली.

मासातेपे गावच्या त्या गल्लीत घरांना नंबर नव्हते. शिंपीण चेपिता राहायची हिरव्या घरापासून वीस वार उगवतीला. दात काढणारा राहायचा हिरव्या घरापासून दोन दारं मावळतीला. डिसेंबरातल्या सणाआधी सगळी गल्ली घरं रंगवायची, पण जुन्या रंगावर तोच रंग. चाळीस वर्षं लोक एर्मिंदाच्या घरापासून वार मोजत होते, दिसली की बाईमाणसाला मानानं म्हणतात तसं ‘दोन्या’ म्हणत होते आणि मोजणारं कुणी तिची पायरी चढत नव्हतं. हिरवं दिसलं, की माणसं वळायची. दिसलं नाही तर थांबतील, विचारतील, असा तिचा हिशेब.

आणि थांबलीच. पहिला आला तो गॅसची टाकी खांद्यावर घेतलेला माणूस.

“बाई, इथं कुठंतरी हिरवं घर होतं ना?”

“असेल. बस तर खरं. एवढं ओझं घेऊन कुणी पत्ता विचारतं?”

“बसलो तर उठायचो नाही. तुम्ही नुसतं बोट दाखवा.”

एर्मिंदानं बोट दाखवलं नाही. आधी त्याचं गाव विचारलं, मग त्याच्या आईचं नाव, मग पेला भरून पुढं केला. त्यानं उभ्याउभ्याच पेला रिकामा केला, एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर.

“आता तरी सांगा, दोन्या. तिकडं भाताचं आधण माझ्यासाठी अडलंय.”

दुपारपर्यंत चार जण झाले. खुर्चीत कुणी बसलं नाही, पण चौथी बाई तिच्याशी बोलत पायरीशी चांगली पाच मिनिटं रेंगाळली. बऱ्याच दिवसांनी एवढं बोलून एर्मिंदाचा आवाज घोगरा झाला.

पाचवी आली चेपिता. गळ्यात मापाची फीत, दंडावर सुया टोचलेली गादी.

“दोन्या, हे काय मांडलंय तुम्ही? लग्नाचा झगा न्यायला आलेली बाई गल्लीत तीन फेऱ्या मारून परत गेली. नवरी आता काय नेसणार, माझे पडदे?”

“मग तिनं मला विचारायचं.”

“तिला काय माहीत तुम्हाला विचारायचं? ती हिरवं घर शोधत होती. गेलं कुठं हिरवं?”

“दुकानात हिरवा नव्हता.”

चेपिताची नजर उघड्या दारातून आत गेली. भिंतीशी हिरव्या रंगाचा डबा होता, झाकणही न उचकटलेला.  तिचा आवाज खाली आला.

“बस गं घडीभर,” एर्मिंदा म्हणाली. “पिनोल गार आहे.”

“मशीनवर दुसरा झगा तसाच टाकून आलेय. नंतर येते.” पायरी उतरताना ती वळली. “आणि तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. मी सगळ्यांना सांगून ठेवते, हिरवं घर जिथं होतं तिथून मोजा म्हणून. बर्फाचा कारखाना जळून किती वर्षं झाली, अजून त्याच्यावरून पत्ते सांगतोच ना आपण?”

एर्मिंदाचा हात पेल्यावर तसाच राहिला. हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. ती स्वतः जन्मभर ज्या दुकानातून पाव आणत आली, त्याचा पत्ता होता ‘चिंचेचं झाड होतं तिथून एक गल्ली खाली’. ते झाड तिनं कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

शनिवारी सकाळी कलिंगडांची गाडी ढकलत एक जण आला. घराशी थबकला, तशी एर्मिंदा पेला घेऊन उठली. त्यानं खिशातून फोन काढून कानाला लावला.

“हो, हिरवं घर होतं ना, तिथंच आहे मी. आता वीस वार उगवतीला, बरोबर?”

“बाळा, थांब की जरा,” एर्मिंदा म्हणाली. “काही विचारायचंय?”

“नाही, दोन्या.” तो हसला, मान लववून चालू लागला. “सापडला पत्ता.”

गाडीची चाकं खडखडत चेपिताच्या दाराकडे गेली. एर्मिंदानं पेला कठड्यावर ठेवला आणि पिवळ्या खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. रंग केव्हाच वाळला होता. एकसारखा, नितळ. त्यावर एका बोटाचाही ठसा नव्हता.