टाळू भरताना

जपानी सुनेशी तिच्या भाषेत बोलता यावं, म्हणून अनंतरावांनी छपन्नाव्या वर्षी कवटीचे सांधे सैल करून घेतले. मेंदूला हातपाय पसरायला जागा झाली, आणि त्यांच्या बायकोच्या, कालिंदीबाईंच्या, घरात पुन्हा टाळू भरणं सुरू झालं.

"डॉक्टरांनी तेल सांगितलेलं नाही," अनंतराव पाटावर बसून कुरकुरले.

"दोन लेकरांच्या टाळू मी भरल्यात. डॉक्टरांनी किती भरल्यात?" म्हणत बाईंनी कोमट खोबरेल ओतलं.

तान्ह्या बाळासारखी मऊ टाळू बोटांखाली संथ उडत होती. अनंतराव खोटं बोलले, की मात्र ती बेडकासारख्या उड्या मारायची. "आमटी फक्कड झालीय," असं ते म्हणाले, त्या दिवशीच बाईंना हे कळलं. मग बाईंच्या बहिणीचं येणं, चोरून खाल्लेले पेढे, सगळ्याचा निकाल तिथेच लागत गेला. अनंतरावांना याचा पत्ताच नव्हता.

जपानी आता जमायला लागली होती, म्हणून उद्या दवाखान्यात सांधे परत जुळवायचे होते. एकतीस वर्षं विचारायचं धाडस झालं नव्हतं, ते आता आजच विचारायला हवं होतं. बाईंनी टाळूवर अख्खा तळहात टेकवला.

"काय हो, माझ्याशी लग्न करून पस्तावलात का कधी?"

"रोज," अनंतराव शांतपणे म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ."

तळहाताखाली बेडूक नुसता थयथय नाचत होता.

"बरं," म्हणत बाईंनी वाटीत उरलेलं तेलही ओतून टाकलं आणि हात मात्र बराच वेळ तिथेच ठेवला.