फर्नची हवा

"रोप जगवणं हे माणसाचं परमकर्तव्य आहे," असं सांगून मी परगावी निघालेल्या मुलीचा फर्न ठेवून घेतला. अकोल्याच्या मे महिन्यात त्याची पानं भराभर वाळू लागली. उद्या ती तो न्यायला येणार होती.

हवा दमट व्हावी म्हणून मी खोलीत वाफेचं यंत्र लावलं, ओले टॉवेल टांगले. टॉवेलांखाली ठेवलेले बायकोचे पापड सादळले. फर्न कुरकुरीत झाला.

"अहो, एसी लावून कसली हवा दमट करताय? सगळं पाणी तोच ओढून बाहेर टाकतोय."

"मग मी उकडून मरू?"

तिने मला बाल्कनीत नेलं. एसीची नळी ठिबकत होती तिथे, भिंतीच्या फटीत, हिरवागार फर्न उगवला होता. तो कुणीच लावला नव्हता.