एक खटका हळू

टेबलाच्या कडेला आवळून बसवलेल्या स्टिअरिंगशेजारी कुशाबांनी काठोकाठ भरलेला पेला ठेवला. पेल्याखाली स्टीलची ताटली. "चल, सोड गाडी," ते मुलाला म्हणाले.

विनीतने पडद्यावरची गाडी सोडली. खेळ शर्यतीचा खरा, पण गेला आठवडाभर त्यात शर्यत नव्हती. होती ती विनीतचा मित्र निलेश याच्या व्हॅनएवढं वजन भरलेली एक गाडी आणि घाटातला उखडलेला रस्ता. चाक खड्ड्यात गेलं की हातातलं स्टिअरिंग थरथरे, टेबल हादरे, पेल्यातलं पाणी हिंदकळे. सगळ्यात कमी धक्का कुठल्या मापाला बसतो ते इथे एकदा सापडलं, की कुशाबांच्या चिंचपोकळीच्या गाळ्यात व्हॅनच्या स्प्रिंगांचे पाटे नि शॉकअप त्या बेताने बदलून घ्यायचे आणि विनीतच्या आजारी आईला, सुभद्राला, आडवं निजवून गावच्या सप्त्याला न्यायचं, असं बापलेकांनी ठरवलं होतं. आजार तिच्या मणक्यात उतरला होता. डॉक्टर म्हणाले होते, न्यायचं तर न्या, पण धक्का बसता कामा नये.

पाट्यांच्या कामात कुशाबांची चाळीस वर्षं गेली होती. पडद्यावरचं इंग्रजी त्यांना लागत नसे. विनीत वाचून दाखवी आणि ते त्या आकड्यांना आपली नावं देत. खड्ड्यात गाडी दबते ते बसणं, दबलेली वर येते ते उठणं, आकडा एका घराने सरकतो तो खटका. स्प्रिंग नरम झाली की विनीत खूश होई. कुशाबा मात्र मान हलवत.

"बसल्याने माणूस मोडत नाही रे. उठायच्या घाईने मोडतो. दबलीय ना, दबू दे. मग सावकाश उठव."

"फार हळू केलं तर पुढचा खड्डा येतो तेव्हा ती उठलेलीच नसते, बाबा."

"मग एक खटका मागे घे."

एक खटका पुढे, एक खटका मागे, अशा दुपारी जात होत्या. गाळ्यावर बसणार नाही असं विनीतने तोंडावर सांगितलं, त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून नायगावच्या या एका खोलीत दोघं मीठ मागण्यापुरतं बोलत, तेही सुभद्राच्या तोंडून. आता विनीत 'मागचं उठणं दोन खटके हळू केलंय' म्हणे, आणि बुवांचं निरूपण ऐकताना करावी तशी मान कलती करून कुशाबा ऐकत.

पडद्यावरचा रस्ता संपला. पेला होता तसा होता.

"सांडला," खाटेवरून सुभद्रा म्हणाली.

"नाही गं आई."

"सांडला. माका हयसून दिसता. अजून नरम करा."

विनीत मुकाट्याने पुन्हा आकड्यांकडे वळला. कुशाबांनी ताटलीवरून बोट फिरवलं. कोरडी होती. औषधाने तिची नजर अंधुक झाली असेल, असं त्यांना वाटलं. पेला पुन्हा ताजा भरून आणावा म्हणून ते गॅलरीतल्या पिंपाशी गेले.

शेजारची रुपाली तिथेच उभी होती. उद्या पहाटे ती सप्त्यासाठी गावी निघणार होती. हातातली कापडी पिशवी तिने जरा उघडून दाखवली. आत नारळ, तांदूळ आणि हिरवा खण. खण कुशाबांनी ओळखला. सप्त्याला नेते म्हणून सुभद्राने तो महिनाभर उशाखाली घडी घालून ठेवला होता.

"काकूंनी देवीची ओटी दिलीय माझ्याकडे," रुपाली हळू आवाजात म्हणाली. "गाऱ्हाणं माझ्या नावाने नको, त्या दोघा बापलेकांच्या नावाने घाल म्हणाल्या. नावं एकत्र घ्यायची की वेगवेगळी, तेवढं विचारायचं राहिलं, काका."

कुशाबा पिशवीकडे बघत राहिले. जी बाई स्वतः देवीच्या पायाशी जाणार असते, ती आपली ओटी दुसरीच्या हाती धाडत नाही. पिंपाची तोटी चालूच होती. पेला भरून पाणी त्यांच्या बोटांवरून वाहू लागलं.

"एकत्र," ते म्हणाले.

खोलीत येऊन त्यांनी पेला पुसला आणि ताटलीत ठेवला. विनीत वाटच बघत होता. त्याने गाडी सोडली. तोच घाट, तेच खड्डे. या खेपेला कुशाबांनी पडद्याकडे पाहिलं नाही. त्यांनी सुभद्राकडे पाहिलं. तिची नजर पेल्यावर नव्हतीच. शेजारी शेजारी ओढलेल्या दोन खुर्च्यांवर होती.

रस्ता संपला. विनीतने स्टिअरिंगवरून हात काढले.

"एक थेंब नाही. जमलं, बाबा. उद्याच व्हॅन गाळ्यात नेऊ." आणि तो आईकडे वळून हसला. "आई, झाली गं तुझी गाडी."

सुभद्राची नजर खुर्च्यांवरून कोरड्या ताटलीवर आली.

विनीतची पाठ होती तेवढ्यात कुशाबांनी पेल्याला एक बोट लावलं. पाणी काठावरून ताटलीत उतरलं. खाटेवरून सुभद्राने ते बोट पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

"सांडला," कुशाबा म्हणाले. "बघ, ताटली ओली आहे. उठणं अजून एक खटका हळू कर."

विनीतने खुर्ची पुढे ओढली, आणि बुवांनी फिरून ध्रुपदावर यावं तशी गाडी घाटाच्या पायथ्याशी परत नेऊन उभी केली.