गाळलेलं पान

मोहिनी पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत पोचली, जरा थांबली आणि पुन्हा पहिल्या पानावर आली.

वडवणीच्या शाळेतला प्रकाशनाचा कार्यक्रम आटोपला होता. पुण्याहून आलेली मंडळी व्हरांड्यात चहा घेत होती. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी सांगितलेल्या गोष्टींचं ते पुस्तक होतं, पुण्याच्या एका लेखिकेनं मुलांसाठी लिहिलेलं. गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येकीला एक प्रत मिळाली होती. बाकीच्या बायका आपापली प्रत पिशवीत घालून जीपकडे गेल्या. मोहिनी तेवढी भिंतीला टेकून बसली होती. सातवीपर्यंत शिकलेली ती ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचत होती.

योगिता दारातून तिच्याकडे बघत होती. ती केजच्या कॉलेजात मराठी शिकवायची. तिच्या आईवडिलांचंही अर्धं आयुष्य उसाच्या फडात गेलेलं. म्हणूनच पुस्तक छापण्याआधी लेखिकेनं ते तिला वाचायला पाठवलं होतं. आम्ही बाहेरची माणसं, आमच्या हातून तुमच्या लोकांना लागेल असं काही लिहिलं गेलं असेल तर सांगा, असं लेखिकेनं कळवलं होतं. योगितानं गेल्या वर्षीच्या दिवाळीची सगळी सुट्टी त्यात घातली. ‘बिचारी’ हा शब्द जिथे जिथे होता तिथून काढायला लावला. बायकांच्या बोलण्याची नकळत झालेली टिंगल दुरुस्त केली. आज व्यासपीठावर लेखिकेनं तिचं नाव घेऊन आभार मानले, तेव्हा तिला बरं वाटलं होतं.

मोहिनीनं मान वर केली. “म्याडम, जरा येता का?”

योगिता तिच्याजवळ जाऊन खाली बसली. आपलं एक पान सापडत नसल्याचं मोहिनीनं सांगितलं. म्हैस हरवल्याची गोष्ट आपलीच, ती सगळी आलीय. पण त्याच्या पुढचं, कोपीतल्या बाळंतपणाचं, कुठंच दिसत नाही. पानं चिकटली असतील म्हणून तिनं नखानं सुटी करूनही बघितली होती.

 ते पान योगिताला चांगलं आठवत होतं. कारखान्याजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, झालेली मुलगी पाचवीच्या आधीच गेली. आईनं तिला फडाच्या बांधाला पुरलं आणि लगेच पुन्हा कोयता हातात घेतला. गोष्ट कोणाची, ते पाठवलेल्या मजकुरात नव्हतं, आणि योगितानंही विचारलं नव्हतं. आपल्या माणसांचं नुसतं मरण आणि रडणं शहरातल्या मुलांनी वाचू नये, असं तिला मनापासून वाटलं होतं. स्टाफरूममध्ये तिच्याकडे दयेनं बघणाऱ्या नजरा तिला ठाऊक होत्या. ‘हे पान काढावं’ असं तिनं समासात लिहिलं. लेखिकेनं एका शब्दानंही वाद घातला नाही.

छपाईची चूक म्हणून सांगता आलं असतं. ते तिच्या ओठांपर्यंत आलंही.

“ते पान मी काढायला सांगितलं, ताई,” ती म्हणाली.

मोहिनी रागावली नाही. तिनं फक्त पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. “कावून?”

“वाचून लोकांना वाईट वाटलं असतं.”

“कोनाला?”

योगितानं बाहेर पाहिलं. व्हरांड्यात कोणीतरी कप गोळा करत होतं.

मग मोहिनी हळूहळू बोलत राहिली. लेखिकाबाई घरी आल्या तेव्हा म्हशीची गोष्ट तिनं उगाच सांगितली होती, बाई हसाव्यात म्हणून. सांगायचं होतं ते पुढचंच. नवऱ्याला ते बोललेलं चालत नाही. सासूला तर पोरगी झाली होती हेही आता आठवत नाही. दवाखान्यात नोंद नाही, ग्रामपंचायतीत नाही. नाव तिनं एकटीनंच ठेवलं, बांधावर, माती लोटताना. लेखिकाबाईंना ते तिनं दोनदा सांगितलं, अक्षर चुकू नये म्हणून.

“बारसं झालंच न्हाई तिचं,” ती म्हणाली. “म्हनलं, पुस्तकात तरी व्हईल.”

पुढच्या आवृत्तीत ते पान नक्की घालायला लावते, मी आत्ताच बाईंशी बोलते, असं योगिता घाईनं म्हणाली. पुढची आवृत्ती निघेल की नाही ते तिलाही माहीत नव्हतं. मोहिनीनं ऐकून घेतलं. दोन दिवसांनी तिची टोळी ऊसतोडीला निघणार होती, बेळगावच्या बाजूला. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता.

ती उठली. पुस्तक पदराखाली धरलं. दारापर्यंत गेली आणि वळली.

“म्याडम, तुमी तर ते पान वाचलंय,” ती म्हणाली. “तिचं नाव काय लिवलं व्हतं, सांगा बरं.”

योगितानं आठवून पाहिलं. कोपी आठवली, बांध आठवला, कोयता आठवला. त्या सगळ्यावर आपण मारलेली लाल रेघसुद्धा दिसली. नाव काही केल्या आठवेना.

जीपचा हॉर्न पुन्हा वाजला. तरी मोहिनी दारात बराच वेळ थांबली. मग पायऱ्या उतरून गेली. नाव तिनं सांगितलं नाही.