गाणारा

बदरुद्दीन फक्कींनी तीस वर्षं अल्लाची आळवणी गायली. शब्द त्यांचे, चालीही त्यांच्याच. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधली सिंधी कुटुंबंसुद्धा त्यांना हौसेने घरी बोलवायची. आता ते बदलापूरला, हेंद्रेपाड्यात मुलीकडे असतात. दोन वर्षांपासून त्यांना कुणीच ओळखू येत नाही. पोटच्या तहसीनलाही ते 'बाई' म्हणतात.

परवा शेजारच्या कौसाबाई मोबाइल घेऊन आल्या. "चाचा, ऐका बरं, कोण गातंय."

अब्बांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. दाढी ओली झाली.

"गाणारा कोण आहे, बाई?"

"अहो, तु..." कौसाबाई बोलणार, तोच तहसीनने मानेनेच त्यांना थांबवलं.

"होते एक. इकडचेच."

"चालही त्याचीच असणार. दुसऱ्याचं दुःख असं गाता येत नाही. त्याचं कोण गेलं?"

"मुलगा," तहसीन कशीबशी म्हणाली. "एकवीस वर्षांचा होता."

माझा भाऊ अनीस, हे तिने सांगितलं नाही. अनीसला दफन केल्यावर अब्बांनी ही एकच आळवणी बांधली, रेकॉर्ड केली आणि गाणं कायमचं सोडलं. त्यानंतरच्या नऊ वर्षांत ते कधी रडले नव्हते. स्वतःसाठी त्यांनी काही मागितलेलंही तिने ऐकलं नव्हतं.

अब्बांनी हात वर उचलले.

"या अल्ला, त्या बापाला सबर दे."

"आमीन," तहसीन म्हणाली.