उजव्या कडेचा खटका

यादी रिकामी होती. एरवी त्या चौकटीत शेजारपाजारच्या वायफायची नावं दाटीवाटीने बसलेली असायची. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचं, समोरच्या शिकवणीचं, आणि कुणा वात्रटाने ठेवलेलं 'स्वतःचं घ्या' हेसुद्धा. आज एकही नाही. धाकट्याने लॅपटॉप बंद करून सुरू केला. राउटरची वायर काढून परत खोचली. मग लॅपटॉप उचलून खिडकीपाशी नेला, जणू काही नेटवर्क खाली रस्त्यावर उभं होतं. यादी रिकामी ती रिकामीच.

आउटबॉक्समध्ये मात्र एक मेल निघायच्या तयारीत अडकून पडला होता. थोरल्या भावाला लिहिलेला. मागे फिरायची सोय राहू नये म्हणून दोन्ही बहिणींचे पत्तेही त्यात घातलेले. आई गेल्यावर दादाने तिचं शिलाई मशीन कुणालाही न विचारता एका शेजारणीला देऊन टाकलं होतं. धाकटा लहानपणी त्या मशीनच्या खडखडाटात झोपी जायचा. त्याला ते हवं होतं. त्यावरून जे वाजलं, ते सहा महिने बोलणं नाही. आज दुपारी त्याने शेवटची ओळ लिहिली होती: यापुढे मला भाऊ समजू नकोस. पाठवायचं बटण दाबलं आणि तेव्हा कळलं, लॅपटॉपने असहकार पुकारलाय.

"काय झालं हो त्याला?" बायकोने आतून विचारलं. मेलचं तिला काहीच माहीत नव्हतं. "सकाळीच पुसून ठेवलाय मी तो. कडाकडांतून धूळ निघाली."

"पुसल्याने नेट जात नसतं," तो खेकसला.

दुरुस्तीवाल्याला बोलवावं म्हणून त्याने आपला जुना बटणांचा फोन उचलला. डोकं रागाच्या ताब्यात होतं, पण बोटांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. या घरात मिक्सर अडला, नळ गळला, घड्याळ थांबलं, की वर्षानुवर्षं ती बोटं एकच नंबर दाबत आली होती. आजही त्यांनी तोच दाबला. पलीकडे रिंग वाजली तेव्हा कुठे धाकट्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. फोन तोडायला अंगठा वळला, पण त्याआधीच तो उचलला गेला होता.

"हां, बारक्या. काय बिघडलं?"

बस. सहा महिन्यांबद्दल अवाक्षर नाही. दादाचं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं होतं. आत अडकलेल्या माणसाला आधी जाब विचारायचा नसतो, हे त्याला ठाऊक होतं.

"लॅपटॉप," धाकटा म्हणाला. "नेटवर्कच दिसत नाही."

"आपलं दिसत नाही, की कुणाचंच?"

"कुणाचंच."

"मग सोपं आहे. राउटर ठीक आहे, लॅपटॉपच डोळे मिटून बसलाय. उजव्या कडेला, हेडफोनच्या भोकाशेजारी एक बारीक खटका बघ. वायरलेसचा. फडक्याने मागे सरकला असणार, माझ्याकडे होता तेव्हाही सरकायचा. सावकाश बघ. मी आहे फोनवर."

लॅपटॉप दादाचाच होता. नवीन बॅटरी घालून, घासूनपुसून त्यानेच आणून दिला होता. त्याच्याशी नातं तोडायचा मेल आपण त्याच्याच लॅपटॉपवर लिहिला, हे आत्ता धाकट्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने कडेवरून बोट फिरवलं. खटका लागला. खरंच मागे सरकलेला होता. शेजारचा दिवा विझलेला होता. त्याने खटक्यावर नख टेकवलं.

"पुढे सरकवलास की दिवा निळा होईल," दादा सांगत होता. "मग बाकी काही करावं लागत नाही. अडकलेले मेलबिल असतील, तेही आपोआप जातात."

नख होतं तिथेच थांबलं.

धाकट्याने हात काढून घेतला, गरम तव्यावरून काढावा तसा. आउटबॉक्स उघडला. आपलंच लिहिलेलं एकदा वाचलं. मग तो मेल पुसून टाकला. नक्की पुसायचा का, असं लॅपटॉपने विचारलं. नक्की, असं त्याने सांगितलं. त्याला भरून आलं. बायकोच्या फडक्याचे, त्या टिचभर खटक्याचे, आपल्या बिनडोक बोटांचे, सगळ्यांचे एकदम आभार मानावेसे वाटले. मशीनचं भांडण संपलं नव्हतं. ते तो सोडणारही नव्हता. पण ते आता समोरासमोर बसून भांडायचं होतं.

"काय रे, सरकवलास का?" दादाने विचारलं.

धाकट्याने लॅपटॉपच्या कडेकडे पाहिलं. खटका जागच्या जागी होता.

"दादा," तो म्हणाला, "याला खटकाच नाही."

चार वर्षं तो लॅपटॉप दादाच्या हाताखाली होता. त्याचा एकेक स्क्रू दादाला पाठ होता.

"असं होय," दादा म्हणाला. "मग मलाच यावं लागेल."