भिंतीतला खंडोबा

भिंत पाडायची होती, पण पुंजाजी गवंडी घण उचलायला तयार नव्हता. भिंतीतल्या कोनाड्यात पितळेचा खंडोबा बसलेला होता.

"आंधी देव हालवा साहेब, मंग मले सांगा," असं वकिलांना सांगून तो उंबऱ्यावर बिडी ओढत बसला.

नवं राज्य झालं, जिल्हा परिषद आली, तेव्हा तालुक्याच्या वकील संघालाही झोकदार कचेरी हवीशी वाटली. संघाने शेजारशेजारची दोन जुनी घरं घेतली. दोन म्हणायची, पण मुळात घर एकच. उकंडराव आणि कडूबा या सख्ख्या भावांनी वाटणीसाठी कोर्टात उभा जन्म घालवला आणि मधोमध ही भिंत आली. देव कोणाचा, एवढं मात्र ठरेना. म्हणून कोनाडा दोन्हीकडून उघडा ठेवला. तेव्हापासून सकाळी दिवा लावताना भावाला भावाचा हात तेवढा दिसायचा. पुढे खटल्याने दोघांचीही घरं खाल्ली.

देव हलवायचा तर दोघा भावांचे हात लागले पाहिजेत, ही त्यांच्या घराण्याची रीत. म्हणून उकंडरावाला उंद्रीहून आणि कडूबाला वरवट बकालहून बोलावून आणलं होतं.

उकंडरावाचे वकील वामनराव आता संघाचे अध्यक्ष होते आणि कडूबाचे वकील भगवंतराव चिटणीस. सभागृहात पंखे किती लावायचे, यावर दोघे तिथेच एकाच बाकावर बसून खलबतं करत होते. कोर्टात एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी हीच ती माणसं!

भाऊ भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहिले. चारही हात कोनाड्यात गेले. कडूबाच्या बोटांवर सुरकुत्या पडल्या होत्या. याचा हात इतका म्हातारा कधी झाला? उकंडरावाला भडभडून आलं.

कडूबाने देव पुढे सरकवला.

"दादा, तूच घेऊन जाय. तू मोठा हायेस. माह्यं काईच म्हननं नाई."

दादा! याच एका हाकेसाठी आपण उंद्रीहून आलो, हे उकंडरावाला आत्ता कळलं. तिकडे पुंजाजीनेही बिडी विझवली आणि बाजूला ठेवलेला घण जवळ ओढला.

उकंडरावाचे ओठ हलले. आता नुसतं "हाव" म्हणायचं होतं. पण जन्माची सवय. त्याची मान मागे वळली.

"वामनराव साहेब," तो दबक्या आवाजात म्हणाला, "घेऊ काय? याच्यात काई पेच तं नाई ना?"

कडूबाचे हात कोनाड्यातून मागे गेले.

पुंजाजीने थोडा वेळ वाट पाहिली. मग विझलेली बिडी पुन्हा पेटवली.